दात येईपर्यंत

आमच्या गल्लीत सकाळी नळाला पाणी येतं, तेव्हा माझ्या सासूबाई ओट्यावर उभ्या राहून ब्रशने दात घासतात. यात सांगण्यासारखं काय आहे असं ज्याला वाटेल, त्याने त्यांना पूर्वी पाहिलेलं नाही. मी पाहिलंय. लग्न होऊन मी भिवंडीत आले, तेव्हा पहिल्याच सकाळी मला जाग आली ती काहीतरी करपल्याच्या वासाने. धावत स्वयंपाकघरात गेले, तर सासूबाई तव्यावर तंबाखूची पानं काळी होईपर्यंत भाजत बसलेल्या. माझ्या घाबरलेल्या तोंडाकडे बघून म्हणाल्या, "काय न्हाय जळत. मशेरी करतेय. जा, पड अजून थोडी."

माझ्या माहेरी, कल्याणला, मशेरी कुणी लावत नव्हतं. इथे तो एक रोजचा सोहळाच होता. भाजलेली पानं हाताने चुरायची, फडक्यातून चाळायची आणि ती काळी पूड पत्र्याच्या डबीत भरायची. त्यातली चिमूट बोटावर घेऊन दातांवरून फिरवायची आणि मग तोंड मिटून स्वस्थ बसायचं. सासूबाई उठल्यावर मशेरी लावायच्या, जेवल्यावर लावायच्या, माझ्याशी वाजलं की लावायच्या आणि मिटलं की पुन्हा लावायच्या. डबी सदैव कमरेला खोचलेली. तोंडात मशेरी असली की त्या बोलायच्या नाहीत, नुसता हुंकार भरायच्या, पण तेवढ्या हुंकारातही भाजीत मीठ कमी आहे आणि माझ्या माहेरच्यांनी मला काही शिकवलेलं नाही हे मला नीट कळायचं.

पौर्णिमेला आम्ही विहारात वंदनेला जायचो. पंचशील म्हणताना पाचवं शील आलं, नशा आणणाऱ्या गोष्टींपासून दूर राहण्याचं, की मी डोळे किलकिले करून त्यांच्याकडे बघायचे. तिथे आवाज सगळ्यांत मोठा त्यांचाच. एकदा घरी येताना मी विचारलंच. त्या थांबल्या, माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "दारू येगळी, मशेरी येगळी. ही दात घासायची वस्तू हाय."

मुलगी झाली, माझी रजा संपली. मी राहनाळला एका गोडाऊनमध्ये पॅकिंगचं काम सांभाळते, नवरा दापोड्याला ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात. दोघांच्या शिफ्ट बदलत्या, त्यामुळे पोरगी आजीच्या मांडीवरच वाढली. आमच्या भिंतीला लागून कापड विणणाऱ्या लूमचा कारखाना आहे. त्याच्या खडखडाटात ती गाढ झोपायची आणि लाईट जाऊन लूम थांबले की दचकून उठायची. मग आजी तिच्या तोंडात साखर घातलेल्या दुधाची बाटली द्यायची, की पुन्हा झोप. जरा मोठी झाली तशी बाटली सुटली आणि चहा-बिस्कीट लागलं. तिच्या दातांवर तपकिरी डाग दिसायला लागले तेव्हा मी एकदोनदा कुरकुर केली. ओट्यावर जमलेल्या सगळ्या बायकांनी उलट मलाच समजावलं, की दुधाचे दात ते, पडायचेच आहेत, त्यांचं काय एवढं घेऊन बसलीस. सगळ्या गल्लीला जे पटलं होतं ते मलाही पटलं.

ती पहिलीत होती तेव्हा तिची खालची एक दाढ दुपारी ठणकायला लागली. मी ड्युटीवर होते. सासूबाईंनी तोंडात पाहिलं तर दाढेला भोक. दुखऱ्या दाताला त्यांच्या आईने जे केलं, तिच्या आईनेही जे केलं असणार, तेच त्यांनी केलं. चिमूटभर मशेरी त्या भोकात दाबून बसवली. थोड्या वेळाने पोरगी हसत खेळायला गेली. त्यानंतर दुखलं की ती आपणहून आजीसमोर येऊन आ करायची. कधी कधी तिला मळमळायचं, तर सासूबाई म्हणायच्या, उन्हात खेळते म्हणून होतं. मी घरी यायचे तेव्हा पोरीची काही तक्रार नसायची आणि मला वाटायचं, सगळं आलबेल आहे. दुखणं मशेरीने बधिर होत होतं आणि दाढ आतून सडत चालली होती.

एका रविवारी ती उठली तीच गाल सुजवून. डोळ्यापर्यंत सूज चढलेली, अंगात ताप. नाक्यावर एक दातांचा दवाखाना आहे, तिथल्या डॉक्टरीणबाई निम्मं हिंदी आणि निम्मं मराठी बोलतात, भिवंडीत सगळेच बोलतात तसं. त्यांनी दाढ साफ करायला घेतली तर कापसावर काळं काहीतरी आलं. त्यांनी वास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. "बच्ची के दात में तंबाखू? कोणी लावला हा?"

मला तो वास ओळखायला कापूस जवळ न्यावा लागला नाही. मी मागे वळले. सासूबाई दाराजवळ उभ्या होत्या. त्यांच्या जागी मी असते तर काहीतरी सबब शोधली असती. त्या दोन पावलं पुढे आल्या आणि म्हणाल्या, "मी लावली. दुखत व्हतं तिला."

डॉक्टरीणबाई चिडल्या नाहीत, पण त्यांनी काही राखूनही ठेवलं नाही. तंबाखूने दुखणं दबतं, कीड दबत नाही, पू हाडाकडे चाललाय, ही दाढ आता वाचायची नाही, आधी औषध देऊन सूज उतरवू आणि मग काढू. मी जीव मुठीत धरून विचारलं, दुधाचीच आहे ना, पडणारच होती ना. तेव्हा त्यांनी मला जे सांगितलं ते मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. दुधाची दाढ नुसती चावायला नसते. खालून जो कायमचा दात यायचा असतो, त्याची जागा ती धरून ठेवते. ती वेळेआधी गेली की शेजारचे दात मोकळ्या जागेत कलंडतात. मग खालचा दात वर यायला बघतो तर जागाच नाही. तो वाकडा येतो, नाहीतर आतच अडकतो.

सासूबाई मन लावून ऐकत होत्या. म्हणाल्या, "म्हंजे यष्टीत खिडकीतनं रुमाल टाकून जागा धरतात तसं."

डॉक्टरीणबाईंना ते कळलं नाही. मी समजावलं. त्या पहिल्यांदा हसल्या. "हां, बस तसंच. आता रुमाल गेला. तर आपण तारेचा रुमाल टाकू." मागच्या दाढेला एक कडी बसवायची आणि तिला जोडलेली तार पुढच्या दातापर्यंत न्यायची, म्हणजे मधली जागा मोकळी राहते. तेव्हापासून आमच्या घरात त्या तारेचं नाव रुमाल.

त्या दिवशी घरी जाताना मी रिक्षात एक शब्द बोलले नाही. मी बोलते तेव्हा घरचे फारसे घाबरत नाहीत, बोलत नाही तेव्हा घाबरतात. घरी पोहोचल्यावर मात्र तोंडाचा पट्टा सुटला. पोरीच्या तोंडात तंबाखू भरलात, माझ्यापासून लपवलंत, उद्या तिच्या जबड्याला काही झालं असतं तर, असं बरंच काही. नवरा मध्ये पडायला आला तर त्यालाही झाडला. सासूबाई भिंतीला टेकून बसून होत्या. एरवी त्यांनी माझ्या एकाला दहा सुनावले असते. त्या दिवशी हुंकारसुद्धा नाही. डबी कमरेलाच होती, पण त्यांचा हात तिकडे गेला नाही. मला त्यांच्या गप्प बसण्याचाही राग आला, इतकी मी तापले होते.

सूज उतरल्यावर दाढ काढली. पोरगी शूर, सुईलाही फार रडली नाही. दाढ निघाल्यावर तोंडात कापूस धरून ती खुर्चीत बसली आणि आरशात ते भगदाड पाहून मात्र तिचा बांध फुटला. कापसातूनच आजीला विचारते, "माझा दात परत येणार का?"

सासूबाई तिच्यापाशी गेल्या. तिचा हात हातात घेतला. डॉक्टरीणबाई, मदतनीस, मी, सगळ्यांसमोर म्हणाल्या, "येनार म्हंजे, येनारच. तुझा दात येईस्तवर मी मशेरीला हात लावनार न्हाय. शब्द दिला तुला."

आता इथे खरी गंमत. सासूबाईंच्या डोक्यात होते ते पुढचे दात. गल्लीतल्या पोरांचे पुढचे दात पडतात आणि बघता बघता नवे डोकावतात. महिना, फार तर दोन महिने कळ काढायची, असा त्यांचा हिशेब होता. डॉक्टरीणबाई हातमोजे काढत सहज म्हणाल्या, "अम्मा, ही दाढवाली जगह आहे. इथला दात दहा वर्षांची होईल तेव्हा येईल. अभी छह की है."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी पंख्याकडे पाहिलं. आधीच विचारून घ्यायला हवं होतं, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. जन्मात ज्यांनी भाजीवालीला भाव विचारल्याशिवाय कोथिंबिरीला हात लावला नाही, त्या मुदत न विचारता शब्द देऊन बसल्या होत्या. पोरगी टक लावून त्यांच्याकडे बघत होती. शेवटी त्या म्हणाल्या, "बोलली ती बोलली."

काढलेली दाढ कागदात बांधून घरी आणली. पडलेला दात छपरावर टाकायचा, म्हणजे नवा चांगला येतो, ही सासूबाईंच्या माहेरची, दिघाशीची रीत. आमच्या डोक्यावर स्लॅब, त्यावर दुसऱ्यांचं घर. म्हणून त्यांनी ती लूमच्या कारखान्याच्या पत्र्यावर भिरकावली. ती पडल्याचा आवाज खडखडाटात ऐकूसुद्धा आला नाही. मग त्यांनी कमरेची डबी काढली आणि स्वयंपाकघरातल्या सगळ्यांत वरच्या फळीवर, मिठाच्या बरणीशेजारी ठेवली. मी म्हटलं, "टाकून देते." त्यांनी माझा हात धरला. "टाकू नको. टाकली म्हंजे न्हाय म्हनून सोडली असं व्हईल. समोर असू दे. मला कळू दे, हाय आनि मी घेत न्हाय." हे वाक्य मी पुढे बऱ्याच जणांना सांगितलंय. तेव्हा मात्र मनात म्हटलं, बघू किती दिवस टिकतंय.

पहिले काही दिवस आम्हां सगळ्यांचेच वाईट गेले. त्यांचं डोकं धरायचं, हात थरथरायचे, पोट साफ होईना. मशेरीशिवाय पोट साफ होत नाही अशी त्यांची पक्की समजूत, आणि पोटानेही ती समजूत खरी करायची ठरवलेली. त्या माझ्या पोळ्यांवर चिडायच्या, पंख्यावर चिडायच्या, लूम चालू असले की आवाजावर आणि बंद असले की शांततेवर. मीही काही कमी नाही. एका सकाळी ताक आंबट झालं या विषयावर आम्ही दोघी इतक्या कडाडून भांडलो, की शेवटी ताक तसंच राहिलं. पण भांडण संपल्यावर त्या फळीकडे बघायच्या आणि बाहेर जाऊन ओट्यावर बसायच्या. डबी जिथल्या तिथे.

ब्रश आणला पोरीने. म्हणजे डॉक्टरीणबाईंनी तिला सांगितलं होतं, सकाळी आणि झोपायच्या आधी घासायचं, तारेच्या खालून, हिरड्यांपासून. पोरीने अट घातली, आजी घासेल तर मी घासेन. साठी उलटलेल्या बाईने आयुष्यात पहिल्यांदा ब्रश हातात धरला, तो झाडू धरावा तसा मुठीत. पेस्ट तोंडात गेल्याबरोबर त्यांचे डोळे पाण्याने भरले. "साबन खाल्ल्यावानी लागतंय," असं म्हणून त्यांनी अर्धी पेस्ट गिळली. पोरगी हसून हसून ओट्यावर लोळली. मग तिने आजीचा हात धरून दाखवलं, असं गोल गोल, आतून पण, जिभेकडून पण. सासूबाईंच्या हिरड्या मऊ झालेल्या, त्यातून रक्त यायचं. पोरगी म्हणायची, "थुंक, आजी. रोज केलं की थांबतं. डॉक्टर बोलल्या."

किती वेळ घासायचं यावर दोघींनी आपला एक नियम काढला. नळाखाली हंडा लावायचा आणि तो भरेपर्यंत घासत राहायचं. आमच्या नळाला कधी जोर असतो, कधी करंगळीएवढी धार. धार बारीक असली की दोघी घासून घासून कंटाळायच्या, फेस हनुवटीवरून ओघळायचा, पण हंडा भरल्याशिवाय कुणी चूळ भरायचं नाही. संध्याकाळी नळाला पाणी नसायचं, तेव्हा सासूबाई पिंपातून तांब्यातांब्याने हंडा भरायच्या, एका हाताने ब्रश चालू. मी ड्युटीवरून दमून यायचे आणि हे ध्यान बघून माझा शीण उतरायचा.

पोरगी तर पुढे इन्स्पेक्टरच झाली. शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी आजीसमोर उभी. "आजी, आ कर." सासूबाई आ करायच्या. ती आत डोकावायची, वास घ्यायची, मान डोलवायची. मग आजीची पाळी. "आता तू कर. रुमाल जाग्यावर हाय का बघू." तारेला चिकटेल असं काही खायचं नाही, म्हणून सासूबाईंनी चिक्की, चॉकलेट, चिंगम घरातून हद्दपार केलं. संक्रांतीला कुणी पोरीच्या हातावर तिळाचा कडक लाडू ठेवला तर त्या तो तिथल्या तिथे उचलून स्वतःच्या तोंडात टाकायच्या. चहा-बिस्कीट तर कधीच बंद झालं होतं. बाटलीचं दूध कुठे दिसलं की त्यांचा पारा चढायचा. कारखान्यात काम करणाऱ्यांच्या बायका पोरांना बाटली देऊन झोपवताना दिसल्या, की त्या आपल्या हिंदीत सुरू व्हायच्या. "बाटली देके मत सुलाव. दूध का दात सडता है. फिर चार साल बैठना पडता है." चार साल कुणाला बसावं लागतं ते त्या बायकांना कळायचं नाही, पण बाटली बाजूला व्हायची.

खरी परीक्षा झाली ती दिघाशीला, त्यांच्या भाच्याच्या लग्नात. हळदीच्या दुपारी मांडवामागे सगळ्या म्हाताऱ्या घोळका करून बसलेल्या. मधोमध ताजी भाजलेली मशेरी, अजून कोमट. तो वास मला पन्नास पावलांवर आला, तर त्यांचं काय झालं असेल. त्या त्यांच्याच जिवाभावाच्या बायका, लहानपणापासूनच्या. मी ताटं मांडत होते, पण कान तिकडेच. एकीने डबी पुढे केली. सासूबाई म्हणाल्या, "मी सोडली." हशा पिकला. दुसरी म्हणाली, "सुनेनं सोडवली वाटतं. शिकलेली हाय ना." तिसरी म्हणाली, "एक चिमूट घे गं. हितं कोन बघतंय."

तेवढ्यात आमचं इन्स्पेक्टर कुठून तरी धावत आलं. अंगभर हळद लागलेली, हातात पिपाणी. तिने मधली मशेरी पाहिली, आजीकडे पाहिलं, आणि त्या सगळ्या म्हाताऱ्यांसमोर म्हणाली, "आजी, आ कर."

माझ्या हातातलं ताट तसंच राहिलं. घरात ठीक होतं. पण हे त्यांचं माहेर, भोवती त्यांच्या बरोबरीच्या बायका, आणि एक आठ वर्षांची पोरगी सगळ्यांदेखत त्यांच्याकडे हिशेब मागत होती. माझ्या सासूबाई मानी. त्यांचा मान किंचित दुखावला तरी महिनाभर अबोला धरणाऱ्या. त्या पोरीला हाकलतील, नाहीतर एक धपाटा देतील असं मला वाटलं. सगळ्या त्यांच्याकडेच बघत होत्या. सासूबाईंनी पदर सावरला, ताठ बसल्या आणि आ केला. चांगला मोठा, सगळ्यांना आतपर्यंत दिसेल असा. पोरीने वास घेतला, मान डोलवली आणि पिपाणी वाजवत निघून गेली. सासूबाईंनी तोंड मिटलं आणि त्या बायकांना म्हणाल्या, "हाय न्हवं बघनारं."

त्या क्षणी मला त्यांचा जो अभिमान वाटला, तो लग्नानंतरच्या सगळ्या वर्षांत कधी वाटला नव्हता. मी हे त्यांना कधी बोलून दाखवलं नाही आणि दाखवणारही नाही, कारण मग त्या डोक्यावर बसतील.

पुढच्या वर्षी त्यांची थोरली बहीण गेली. लहानपणी मशेरी लावायला शिकवणारी तीच. तिला पोचवून त्या दुपारी घरी परतल्या, आंघोळ केली आणि स्वयंपाकघरात गेल्या. मी मागोमाग गेले तर स्टुलावर चढून डबी काढलेली. जमिनीवर बसून त्यांनी ती मांडीवर ठेवली होती, झाकणावर अंगठा. त्या दिवशी त्यांनी ती उघडली असती तर मी कुणालाही, पोरीलासुद्धा, कळू दिलं नसतं. बराच वेळ त्या झाकणावरून बोट फिरवत बसल्या. मग डबी माझ्या हातात दिली. "वर ठेव," म्हणाल्या. "आनि माझा बरस दे." त्या ब्रशला बरस म्हणतात. भर दुपारी ओट्यावर बसून त्यांनी दात घासले. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्या घासत होत्या. मी नळाला पाणी नसताना हंडा घेऊन बाहेर गेले आणि पिंपातलं पाणी तांब्याने त्यात ओतत बसले, अगदी हळू.

पोरगी पाचवीत गेली तसा तिला ध्यास लागला. रोज आरसा. आजीलाही ध्यास. दोघी उजेडात जाऊन बघायच्या आणि मान हलवत परत यायच्या. दर सहा महिन्यांनी दवाखान्यात जायचो, डॉक्टरीणबाई तार तपासायच्या, एकदा सैल झाली तर पुन्हा बसवून दिली. जागा मोकळी आहे, एवढंच म्हणायच्या. जागा मोकळी असून दात वाकडा आला तर, अशी धास्ती सासूबाईंच्या मनात होती. त्यांनी ती कधी बोलून दाखवली नाही, पण एकदा मी ऐकलं, त्या पोरीला विचारत होत्या, "माझ्यावर राग हाय का गं तुझा?" पोरगी म्हणाली, "कशाचा?" तिला दाढेत मशेरी दाबल्याचं काही आठवतच नव्हतं. तिला आठवत होतं ते आजीने दिलेलं वचन. सासूबाई तिची वेणी घालत बसल्या.

आणि एका सकाळी हंडा अर्धाही भरला नसताना ओट्यावरून हाक आली. मी कणकेच्या हाताने बाहेर पळाले. पोरगी तोंडात फेस घेऊन उभी, सासूबाई तिची हनुवटी धरून आत बघतायत. तारेने धरलेल्या जागेत, बरोबर मधोमध, तांदळाच्या कणीएवढं पांढरं टोक. सरळ. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना बोलायचं होतं, पण तोंडात फेस होता, म्हणून त्यांनी फक्त हुंकार भरला. इतक्या वर्षांनी ऐकला तो हुंकार. यावेळी मला त्याचा अर्थ विचार न करता कळला.

दात आणखी वर आल्यावर डॉक्टरीणबाईंनी तार काढली. दाताभोवती आरसा फिरवला, पोरीला चावून दाखवायला सांगितलं. "एकदम सरळ," म्हणाल्या, "आणि बाकीच्यात एक पण कीड नाही." मग त्या सासूबाईंकडे वळल्या. त्यांनाही ते वचन आठवत होतं. हसत म्हणाल्या, "अम्मा, आ गया दात. आता तुम्ही सुटलात."

डबी अजून फळीवर होती, मिठाच्या बरणीशेजारी. शब्द होता तो दात येईपर्यंतचा, आणि दात आला होता. माझ्या सासूबाई शब्दाच्या पक्क्या, म्हणजे शब्द संपल्यावर मोकळ्या व्हायलाही पक्क्या. पोरगीही आजीकडे बघत होती. तिलाही हे त्याच क्षणी सुचलं असावं.

सासूबाईंनी पिशवी काखेत मारली. "डॉक्टरीनबाय," त्यांनी विचारलं, "हिच्या तोंडात सगळ्यात शेवटचा दात कवा येतो?"

"शेवटचा? अक्कलदाढ. अठरा-वीस वर्षांची झाली की. कुणाकुणाला तर येतच नाही."

यावेळी त्यांनी आधी विचारून घेतलं होतं. त्यांनी मनाशी काहीतरी ठरवलं, पोरीचा हात धरला आणि दाराकडे निघाल्या. जाता जाता तिला म्हणाल्या, "चल. मंग आता ती येईस्तवर. आनि आली तरी मला सांगू नको."